मखराची माळ

गणपतीत पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीवर गेलो, तेव्हाची गंमत ऐका. मखरासाठी मुंबईहून लाइटची नवी माळ नेली होती. ती लागली, पण काजव्यासारखी. महाडच्या बाजारातून दुसरी आणली, तर तिचीही तीच गत. डोकं फिरलं माझं! वैतागून पिन हलवत बसलो होतो, तेवढ्यात आरतीची मंडळी आमच्याकडे आली आणि माळ एकदम लख्ख उजळली.

“बघा तात्या, जमलं मला!” मी शेजारच्या तात्यांना म्हणालो.

“तुला नाय जमलं रे. भायेर बघ.”

बाहेर सगळी वाडी अंधारात.

“व्होल्टेज कमी हाय. आरती ज्याच्या घरी, लाइट त्याच्या घरी. बाकीचे बंद ठेवतात.”

आरती संपल्यावर तात्या म्हणाले, “चल, बटण बंद कर. आता पलीकडच्या काकीकडं आरती हाय.”

घरातली लाइट इतक्या आनंदानं मी आजवर कधी बंद केली नव्हती.