एकाच दिव्याखालचा पोरगा

समारंभाच्या अध्यक्ष आदरणीय बायनाबाई, व्यासपीठावरचे पाहुणे, आमचे स्नेही शिवलिंगप्पा, त्यांची कन्या आणि आजची सत्कारमूर्ती प्रणिता, आणि परळीच्या या वाचनालयाच्या वाचक बंधू-भगिनींनो,

तीन वर्षं आपल्याला पुस्तकं काढून देणारी प्रणिता उद्या नाशिकला नोकरीवर चालली. सगळे तिच्याबद्दल गोड बोलले. मीही बोललो असतो, पण दोन महिन्यांपासून माझ्या मनात एक सल आहे. बायनाबाई, घड्याळाकडं बघू नका, लवकर आटोपतो.

मी सातवी शिकलेला. फोटोचं काम बघून बघून शिकलो आणि चाळीस वर्षं लग्नं टिपली. या धंद्यात एक खोड लागते. वऱ्हाडातल्या एखाद्या पोराच्या मोबाइलात एकच मुलगी सारखी दिसली, की पुढची सोयरीक मी तिथंच ओळखायचो. त्याचा मला गर्व होता.

प्रणिताला नाद रॉक बँडच्या फोटोंचा. कॅमेरा जुना घेतलेला, रबर निघालेला, इथल्या वीजकेंद्राच्या राखेपासून जपायला दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला. बँड इथल्याच पोरांचा, नाव 'राखरांगोळी'. सांगा, असलं नाव ऐकून कोण आपली पोरगी तिथं पाठवील?

एक दिवस ती माझ्या स्टुडिओत आली. "सुंदरकाका, एवढे बाराच छापा." बाराच का? बाकीच्यांत काय लपवलंय? ती गेल्यावर मी तिच्या कॅमेऱ्याचं अख्खं मेमरी कार्ड उघडून बघितलं. मला तो अधिकार नव्हता. बँडमध्ये पोरं चार, फोटोंत एकच! गाणारा रवि. रवि डोळे मिटून, रवि घामानं निथळत, रवि माइकला बिलगून. ड्रमवाला कुठाय? गिटारवाले कुठं गेले? आणि तोही एकदासुद्धा कॅमेऱ्याकडं बघेना. म्हटलं, हे चोरून काढलेत.

तडक शिवलिंगप्पांच्या किराणा दुकानात गेलो. "आप्पा, पोरीकडं लक्ष असू द्या."

"कावून? काय झालं?"

"चार पोरांत तिला एकच दिसतोय."

त्याच दिवशी कॅमेरा दुकानाच्या कपाटात गेला. प्रणिता रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "आप्पा, मी माणूस न्हाई बघत. उजेड बघते." आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसलो. लई हुशार झाली, म्हटलं.

मग पुरावा आणायला मीच अंबाजोगाईला त्या बँडच्या कार्यक्रमाला गेलो. कॉलेजचा हॉल, दुपारची वेळ, पडदे ओढून अंधार केलेला. कानात कापूस, गळ्यात कॅमेरा. रविनं मला स्टेजवरूनच ओळखलं. "काका, इथं कुणाचं लगीन हाय?" सगळा हॉल हसला. वर दम दिला, "फ्लॅश मारू नका, वाजवताना डोळ्यांत जातो."

चाळीस वर्षांत फ्लॅशशिवाय बटण दाबलं नव्हतं मी! तसाच, फ्लॅश बंद करून दाबत राहिलो. घरी येऊन बघतो तर काय? साठच्या साठ फोटोंत रवि. बाकी काळंमिट्ट. आता माझंही त्याच्यावर मन जडलं होतं का हो?

त्या बँडकडं दिवा एकच, तोही गाणाऱ्याच्या डोक्यावर बांधलेला. साध्या कॅमेऱ्याला अंधारातलं दिसत नाही. मी जन्मभर उजेड पिशवीत घेऊन फिरलो, त्यामुळं तो कुठं पडलाय हे बघायची मला कधी गरजच पडली नाही. मग ते बारा फोटो परत काढून बघितले. प्रत्येकात कडेनं कुणाचातरी हात उजेडात आलेला. ड्रमवाल्याची काठी, गिटारवरची बोटं. म्हणून बाराच.

हे आप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, "सुंदरराव, तवा एक सांगितलं, आता दुसरं. तुमच्यावर तरी कसा इश्वास ठेवू?" त्यांचं काय चुकलं?

म्हणून आज चारचौघांत सांगतोय. आप्पा, हे माझे साठ फोटो टेबलावर ठेवतो. उद्या पोरगी कॅमेऱ्याशिवाय गाडीत बसली, तर त्याला जबाबदार मी.

आप्पा उठले. रागावलात का? बोला तरी! ... कपाटाची किल्ली काढली त्यांनी. दुकान समोरच आहे, जाऊ द्या त्यांना, वाट द्या.

प्रणिता, अशी संशयानं बघू नकोस. तुला तो हक्क आहे म्हणा. कॅमेरा आला की पहिला फोटो माझा काढ. मी या दिव्याखाली उभा राहतो, आणि कॅमेऱ्याकडं बघणार नाही.

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आपले आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, ते आपण पोटात घ्याल. मोठी चूक जिच्या बाबतीत झाली, तिचीच माफी मागतो. नमस्कार.