पेटीतलं कार्ड

मंडळी, एक सांगा — चूक मोठी, की चूक लपवणं मोठं? माना काय डोलावता, आधी ऐका!

आपल्या पेशीपेशीत एक पोथी आहे. डीएनए! नवी पेशी झाली की अख्खी पोथी नकलून तिच्या हवाली. पण रोजच्या रांधपाला पोथी देव्हाऱ्यातून हलत नाही हं! लागेल तेवढंच चिठ्ठीवर उतरवायचं, चिठ्ठी स्वयंपाकघरात धाडायची. आचारी वाचेल तसं प्रथिन रांधतो. मिठाच्या जागी साखर लिहिली? घातली साखर! विचारतोय कोण?

पोथीच्या प्रती दोन — एक आईची, एक बापाची. एकीत रक्ताच्या पानावर अक्षर चुकलं तर दुसरी सांभाळून घेते. दोन्हींत तीच चूक आली, तर मात्र रक्तातली गोल पेशी विळ्यासारखी वाकते, नसांत अडकते, हाडं ठणकतात. तो सिकलसेल.

ब्रह्मपुरीकडचा मोरेश्वर. कॉलेजात तपासणी झाली, हाती कार्ड आलं. डॉक्टर म्हणाले, "तू ठणठणीत आहेस, चूक एकाच प्रतीत आहे. फक्त लग्नाआधी मुलीचंही रक्त तपासून घे." एवढंच! पण सोयरीक मोडली तर? कार्ड पेटीच्या तळाशी गेलं. पत्रिका जुळली, इंदू घरात आली. तिच्याही पोथीत तीच चूक होती, तिला बिचारीला काय ठाऊक!

लेक झाली, पौर्णिमा. ठणकणारे पाय धरून रडायची. दहा वर्षांची झाली तेव्हा म्हणाली, "बाबा, हे माझ्यात कुठून आलं?"

मोरेश्वरची आई तडकन बोलली, "तुझ्या आईच्या घराण्यातून!"

मोरेश्वरच्या ओठांवर आलं होतं हो! त्यानं गिळलं. आज सांगू, उद्या सांगू... दोन वर्षं गेली. पोरगी आईच्या हातचं पाणी घेईना.

आणि एका उन्हाळ्यात पौर्णिमा गेली.

तेरावं झालं. मोरेश्वरनं पेटी उघडून कार्ड इंदूपुढे ठेवलं. तिनं ते दोनदा वाचलं.

"अहो, ती विचारत होती, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"दोघांचं होतं हो ते! ती माझ्यावर रुसून गेली. आता तिला कोण सांगेल?"

मोरेश्वर कार्ड हातात धरून ढसाढसा रडला. पण जिनं ऐकायला हवं होतं, ती ऐकायला नव्हती.

मंडळी, पेशीची चूक नकळत झाली, तिला पाप नाही. मोरेश्वरला कळत होतं! तुमच्या पेटीच्या तळाशी काय आहे, मी विचारत नाही. ज्याला सांगायचं ते माणूस घरात आहे ना अजून? मग टाळ ठेवा खाली. आरतीला थांबू नका, घरी जा.