कीपरचा शब्द

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. खोटं जुनं होतं का हो? भांडं झिजतं, कापड विरतं, दुखणंसुद्धा तीस वर्षांत अंगवळणी पडतं. मग एकदा बोललेलं खोटं, कुणालाच न कळलेलं, तेही आपोआप विरून जातं का? खांबाजवळच्या काकू नाही म्हणून मान हलवतायत. थांबा काकू, एवढ्यात निकाल नको! आधी ऐका.

आपल्याच भागातली गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, त्या गावचे दोन जावई पुढच्या रांगेत बसलेत! तिथे दिगंबर सावर्डेकर नावाचा क्रिकेटपटू होता. कीपर! म्हणजे काय, आजी? फलंदाजाच्या मागे हातमोजे घालून उकिडवा बसतो ना, तो. दिवसभर उठबस, उठबस — आपल्याला दोन आरत्यांना उभं राहवत नाही! बारा वर्षं हा गडी रणजी खेळला. चेंडू लागून लागून हाताची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झाली.

खेळ सुटला आणि तो जिल्हा संघटनेचा अध्यक्ष झाला. कसा अध्यक्ष! मैदानावर पाण्याचा नळ त्याने आणला, मुलींचा संघ त्याने उभा केला, वशिल्याची चिठ्ठी घेऊन आलेल्याला चहा पाजून परत धाडलं. माणूस चांगला होता, मंडळी. हे मुद्दाम सांगतोय. खोटं बोलायला वाईट माणूस लागतो, असं समजू नका. त्याने एक नियमही केला होता — ज्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली, त्याला संघटनेत पद नाही.

आता झालं काय, मुलींच्या संघाला प्रशिक्षक हवा होता. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, हैबती खवरे. शाळेतला खेळाचा शिक्षक. संघातल्या सात मुली त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या. त्यांनी सह्या करून अर्ज दिला, आम्हाला खवरे सरच पाहिजेत. पण चिटणीसांनी जुनी फाईल काढली आणि अध्यक्षांपुढे ठेवली. हैबतीवर दोन वर्षांची बंदी होती! एकतीस वर्षांपूर्वी पंचांनी बाद दिल्यावर तो मैदान सोडायला तयार नव्हता.

फाईल वाचून दिगंबरचा चेहरा उतरला. का? कारण त्या दिवशी कीपर तोच होता! नियम करताना हैबतीची आठवण झाली नसेल का? नसेलही. चांगली माणसं विसरायलाही चांगली शिकतात.

निवडीचा सामना होता तो. दोघंही पोरगेले, दोघांनाही रणजी खेळायची आस. हैबती बासष्टवर खेळत होता, निवड समिती मांडवात बसली होती. चेंडू बॅटची कड घेऊन खाली आला, दिगंबर झेपावला आणि त्याने तो उचलला. पण चेंडू आधी जमिनीला लागला होता. टप्पा पडला की तो झेल नव्हे, आजी, एवढं ध्यानात ठेवा. पंच होते गोडबोले मास्तर. या दोघांच्या हातात पहिली बॅट त्यांनीच दिली होती. धूळ उडाली, त्यांना दिसलं नाही. तेव्हाची रीत अशी, की पंचाला दिसलं नाही तर कीपरला विचारायचं आणि त्याचा शब्द मानायचा.

"घेतलास ना, दिगंबर?"

"घेतला, मास्तर."

संपलं! दोन शब्द! दिगंबर निवडला गेला. हैबती मात्र जागचा हलेना. टप्पा पडलाय मास्तर, टप्पा पडलाय, एवढंच म्हणत राहिला. शेवटी दोघांनी दंडाला धरून त्याला बाहेर नेलं. बंदी उठेपर्यंत त्याच्या जागी दुसरे आले होते. पुन्हा कुणी त्याला बोलावलं नाही.

मग रविवारी सकाळी बैठक बसली. दिगंबरने सगळं सांगून टाकलं? छे! मन फार हुशार असतं हो. तो म्हणाला, हैबतीला आपण माफ करू. दिलगिरीचं पत्र लिहून घेऊ, म्हणजे नियमही राहील आणि मुलींचंही काम होईल. सभासदांनी टाळ्या वाजवल्या — काय साहेबांचं मन! बघा मंडळी, ज्याने घाव घातला तोच क्षमा वाटतोय आणि लोक टाळ्या देतायत! हसू नका. आपणही असेच सुटतो.

हैबतीला आत बोलावलं. काय लिहायचं साहेब, म्हणून त्याने अदबीने विचारलं. चिटणीसांनी मजकूर सांगितला. मी बाद होतो, पंचांचा निर्णय बरोबर होता, माझं चुकलं. हैबतीने खिडकीतून बाहेर पाहिलं. मुली मैदानाच्या कडेला बसून निकालाची वाट पाहत होत्या. त्याने चष्मा लावला. जे शब्द न मानल्यापायी अख्खी कारकीर्द गेली, तेच शब्द तो त्या मुलींसाठी लिहायला बसला! मी, हैबती ज्ञानू खवरे, लिहून देतो की त्या दिवशी मी... इथे पेन थांबलं. पुन्हा टेकलं.

तेवढ्यात दिगंबरने त्या कागदावर हात ठेवला.

"लिहू नकोस. टप्पा पडला होता."

चिटणीसांना वाटलं, साहेबांना चक्कर आली. त्यांनी पाणी मागवलं! दिगंबरने पेला बाजूला सारला आणि एकतीस वर्षांचं सगळं त्या टेबलावर ओतलं. त्याला वाटलं, आता हैबती शिव्या देईल, नाहीतर गळ्यात पडेल. दोन्हींतलं काही झालं नाही. हैबतीने चष्मा काढला आणि इतका वेळ साहेब म्हणणारा तो माणूस जुन्या नावावर आला.

"दिगू, टप्पा पडला हे मला ठाऊक होतं, तुला ठाऊक होतं. मास्तरांना नव्हतं. मी उद्धट निघालो, असं समजूनच गेले ते. शेवटच्या आजारात भेटायला गेलो, तर भिंतीकडे तोंड केलं त्यांनी."

अरे देवा! दिगंबरला हे माहीतच नव्हतं. मास्तरांच्या तिरडीला पहिला खांदा त्याने दिला होता, लाडका शिष्य म्हणून! तो भर बैठकीत ढसाढसा रडला. मलाही सांगताना भरून येतं, मंडळी, लपवत नाही.

हैबतीने एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. पत्र तू लिही म्हणाला. दिगंबरने लिहिलं, सही केली आणि पंचांना फसवणं हाही शिस्तभंगच, म्हणून स्वतःच्याच नियमाने खुर्ची सोडली. हैबतीवरचा जुना ठपका बैठकीने पुसला आणि तो त्याच दिवशी प्रशिक्षक झाला. दिगंबर आता दर गुरुवारी त्या मुलींना कीपिंग शिकवतो. पद नाही, मान नाही, झोप मात्र लागते म्हणतात.

पण एक काम राहिलंच. त्या पत्राची प्रत घेऊन तो मास्तरांच्या घरी गेला. भिंतीवरच्या फोटोपुढे उभा राहून त्याने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. फोटो काय बोलणार, मंडळी?

म्हणून काकू, तुमचीच मान बरोबर होती. खोटं जुनं होत नाही. ज्याला ते सांगितलं, तो माणूस म्हातारा होतो! तुमचा शब्द खरा मानणारं असं कुणीतरी असेल. आई असेल, भाऊ असेल, जुनी मैत्रीण असेल. माझ्याकडे काय बघता? कीर्तनकार खोटं बोलत नाही की काय? मी उद्या सकाळच्या गाडीने थोरल्या भावाकडे निघालोय. तो ऐंशीचा झालाय, आणि बेचाळीस वर्षं माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवून बसलाय.

चला, नामाचा गजर करू, प्रसाद घेऊ. आणि घरी गेलात की तो फोन लावा. पलीकडे उचलणारं माणूस आहे, तोवर लावा.