‘इतर’चं बटण

नाही हो, ते बटण मुद्दाम काढलंय, विसरलो नाही — तुमच्याआधी जे जे कारखानेवाले या खुर्चीत बसून डेमो बघून गेले त्यांनीही हेच विचारलं, ‘इतर’ कुठंय, ‘इतर’ कुठंय. ‘इतर’ नाही. साधी गोष्ट आहे साहेब — मशीन थांबलं की माझ्या सॉफ्टवेअरला कळतं, इथला हिरवा चौकोन लाल होतो, आणि तिकडे मशीनजवळच्या छोट्या स्क्रीनवर प्रश्न येतो, का थांबलं? खाली कारणं दिलेली. माल आला नाही, साचा बदलतोय, वीज गेली, माणूस जागेवर नाही. एक बोट लावायचं, बास. आणि तुमची माणसं काय करतात? मोटर जळली — ‘इतर’. पट्टा तुटला — ‘इतर’. फोरमन सिगारेट ओढायला गेला तो तिकडेच रमला — ‘इतर’. महिनाअखेरीला मालक बघतो तर निम्मा वेळ कारखाना बंद, कारण काय तर ‘इतर’, की लागला माझ्या नावाने खडे फोडायला. ज्याला एक बोट धड लावता येत नाही त्याच्या हाती एवढालं मशीन देता कसं तुम्ही — तुम्ही म्हणजे तुम्ही नाही, एकूण जमात.

आणि हे एकदाच लिहिलंय बरं का. समोरच्या इमारतीतले ते दीडशहाणे प्रत्येक कारखान्याला नवं सॉफ्टवेअर लिहून देतात, माप घेऊन. कशाला? बाटल्यांचा कारखाना असो नाहीतर कागदाचा — मशीन एक तर चालतं, नाहीतर थांबतं. तिसरं काही असतं का? नसतं. पण प्रत्येकाला वाटतं आपलं दुखणं जगावेगळं. कसलं डोंबलाचं जगावेगळं. मी मशीनची नावं तेवढी बदलतो, कारणं सगळीकडे तीच. म्हणून तर इथे बसून ‘इतर’ काढलं की सगळीकडचं एका फटक्यात गेलं, कुणाला विचारायला नको, कुणाची बडबड ऐकायला नको.

कोणता, तो खालचा लाल? तो कारखाना नाही, सोडा. शिलाई मशीन आहे — हसू नका — माझ्या घरचं, बायकोचं. मोटरवालं मोठं, पडद्यांच्या ऑर्डरी घेते ती. पहिली चाचणी त्याच्यावरच केली, हाताशी होतं म्हणून. शेजारी स्क्रीन लावून दिली. तर बाईसाहेब काय करायच्या? तेच. दुपारभर मशीन बंद, का? ‘इतर’. संध्याकाळी घरी गेलो की विचारायचो, अगं, इतर म्हणजे काय, काहीतरी असेल ना — तर म्हणे, इतर म्हणजे इतर. ताटावर बसलो तरी तेच. शिकलेली बाई, पण तुमच्या ऑपरेटरपेक्षा काडीची वेगळी नाही. मी इथे बसून बघतोय, लाल, हिरवा, लाल, लाल — फोन करतोय, काय चाललंय, मशीन का बंद — उचलेल तर शपथ. काय म्हणालात? पाळत? तिचा भाऊही हाच शब्द वापरतो. मोजमाप म्हणतात त्याला. तुमच्या कामगारांवर लावायला आलात, तेव्हा नव्हती का ती पाळत?

माहेरी आहे सध्या. येईल. राग नाकावर घेऊन गेलीय, उतरला की येईल, जाते कुठे — पडदे अर्धवट पडलेत, मशीन घरी आहे, आणि मशीन सोडून राहणारी बाई नाही ती. माणसाला सोडून राहील एक वेळ. म्हणून लाल तर लाल, चौकोन आहे ना तिथे, म्हणजे मशीन जागेवर आहे. सकाळी आल्या आल्या आधी तोच बघतो मी, सवय हो, दुसरं काही नाही. आणि आली की गाठ माझ्याशी आहे — नव्या बदलात कारण दिल्याशिवाय मोटर सुरूच होत नाही. ‘इतर’ तर नाहीच आता. बोट कुठेतरी खरं लावावंच लागेल. मला तेवढंच हवंय, कारण. नुसतं सांगून टाकावं माणसाने. नाहीतर एवढ्या कारखान्यांतून ते बटण मी काय कारखान्यांसाठी काढलं — म्हणजे, कारखान्यांसाठीच काढलं. तुमच्यासारख्यांसाठीच.

चौकोन कुठे गेला म्हणजे? आत्ता तर इथेच होता. थांबा, पान पुन्हा उघडतो, नेट असेल — नाही, नेट नाही, बाकीचे सगळे आहेत. वीज गेली की चौकोन करडा पडतो, जात नाही. स्क्रीन बंद केली, तरी करडाच. जातो तो फक्त — सगळ्यात खाली एक कारण आहे, ते दाबलं तरच. कुणी वापरत नाही ते, मालकाने मशीन विकलं तर असावं म्हणून ठेवलंय. ‘मशीन येथून कायमचं काढलं.’ ते दाबलं की सॉफ्टवेअर मोजायचं थांबतं. पुन्हा विचारत नाही.

किल्ली आहे तिच्याकडे. भाऊ टेम्पो घेऊन आला असेल. न्यायचं होतं तर प्लग उपटून न्यायचं, कोण अडवणार होतं — घरात कुणी नाही, मी इथे तुमच्याशी बोलत बसलोय. बटण दाबायची काही गरजच नव्हती हो. कारणं वाचत वाचत खालपर्यंत गेली असेल ती. आणि मग दाबलं.

नाही, पाणी नको. निघा तुम्ही. किंमत कळवतो नंतर — दार ओढून घ्या जाताना.