मॅजिस्ट्रेट साक्षीदाराच्या पिंजऱ्यात

कोर्टाचं मले सांगू नका बापा, अकोल्यात मी आरोपी म्हणून उभा राहून आलो आहे. जमादाराची सायकल मी कडुलिंबावर टांगली, त त्यानं चोरीचा खटला भरला. आता जेलच दिसत होती.

पहिल्या तारखेला मी हात जोडले. "साहेब, तवा तुमी त तिथंच उभे होते."

मॅजिस्ट्रेटसाहेबानं टाक खाली ठेवला. "मग मी साक्षीदार झालो. हा खटला माझ्यापुढं चालणार नाही."

खटला दुसऱ्या, लहान्या साहेबाकडे गेला. एवढा मोठा माणूस, पण पिंजऱ्यात चढून त्यानं लहान्या साहेबापुढं मान लववली, शपथ घेतली.

सरकारी वकिलानं विचारलं, "आरोपीनं सायकल नेली?"

"नेली."

माझा वकील उठला. "कुठं नेली?"

"झाडावर. मग यानंच जमादाराला हाक मारली, की तुमची सायकल पिकली, उतरवून घ्या."

"तेव्हा आपण काय केलं?"

"शपथेवर सांगतो, हसलो."

चोर मालकाले हाक मारत नाही, म्हणून मी सुटलो. बाहेर साहेबाच्या पाया पडाले वाकलो, त म्हणाले, "माझ्या नको, जमादाराच्या पड."