बाळ्या गप्प झाला तवा

तुमी कायबी म्हना, त्या पाणबुडीच्या गेममध्ये मी आता कुनावरच इस्वास ठेवत न्हाई.

आमी तिघं आपापल्या घरातनं हेडफोन लावून खेळतोय. मी शिराळ्यात, बाळ्या लोणंदला, सुकुमार सांगलीत. त्या गेममध्ये समुद्रातला किडा चावला की कवाकवा लागण होती, पर अंगावर कायबी दिसत न्हाई. ज्याला झालीया त्यालाबी पत्ता नसतो. मग पयला त्याचा आवाज जातो, आन मग तो आपल्याच मानसांवर उठतो.

परवा किड्यांनी आमा तिघांनाबी गाठलं. औषधाचं इंजेक्शन एकच उरलेलं. मग काय, कोन गप्प होतंय म्हनून एकमेकाचा आवाज ऐकत बसलो.

खिडकीबाहेर दिवस कलायला लागला आन सुकुमार गप्प झाला. हाका मारल्या, उत्तर न्हाई.

बाळ्या वरडला, "त्यालाच झालीया! टोच लवकर!"

म्या म्हनलं, "जरा थांबूया की."

"थांब आन मर मग!"

म्या टोचलं.

थोड्या येळानं सुकुमारचा आवाज आला, "मला इंजेक्शन कुनी दिलं रं?"

म्या म्हनलं, "तुझा आवाज गेलता गड्या!"

"आरं, हेडफोन काढून जेवत हुतो! आमी जैन मानसं, दिवस मावळायच्या आत जेवतो. तू कॉलेजात एका खोलीवर राहिलायस न्हवं माझ्यासंगं?"

म्या म्हनलं, "बाळ्या, तूच सांग ह्याला."

बाळ्या गप्प. मला वाटलं, लाजला बिचारा.

पाणबुडीत मागनं येऊन त्यानं माझं नरडं धरलं, तवा कळलं.