तीन हाका, एका दमात

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, संघटनेचे वकीलसाहेब, आणि अठ्ठावीस वर्षं माझ्या हाकेला ओ देणाऱ्या खेळाडूंनो,

मघापासून माझ्या शिस्तीचं इतकं कौतुक झालं की मान वर करवेना. शर्यतीआधी खेळाडूंची नावं पुकारणं, एवढंच माझं काम. तीन हाका, मध्ये एकेक मिनिट. तिसरीलाही ओ आली नाही, की नाव कापायचं. बायको म्हणते, हा नियम घरी लावला असता तर तुम्ही रोज उपाशी झोपला असतात!

बारा वर्षांपूर्वीच्या निवड चाचणीत, आठशे मीटरला, मी त्या तीन हाका एका दमात मारल्या. एक मुलगी बुटाची तुटलेली नाडी बदलायला गेली होती. मला सांगून गेली होती. त्याच शर्यतीत माझी भाची होती. मी त्या मुलीचं नाव कापलं. भाची पहिली आली, तिची निवड झाली, पुढच्या स्पर्धेत पदकही मिळालं.

त्या मुलीनं संघटनेवर दावा लावला. आपण जिंकलोच असतो, असं ती म्हणत नव्हती. पळायची संधी हिरावली, तिची भरपाई द्या, एवढंच. वकीलसाहेब, तुम्ही मला म्हणाला होतात, "हाका घाईत मारल्या असतील तर संघटना अडकली. नीट आठवून सांगा." आठवत होतं हो, अगदी नीट. न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा शपथेवर म्हणालो, "घड्याळ लावून मारल्या." दावा फेटाळला गेला. मैदानावर तिला 'उशिराबाई' नाव पडलं. तिनं पळणं सोडलं.

त्या बाई आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. शाळेत खेळ शिकवतात. मघाशी मला गुच्छ देताना म्हणाल्या, "सर, वेळेची किंमत तुमच्यामुळे कळली." कुठं तोंड लपवू, असं झालं मला.

भाचीला हे कालच सांगितलं. "मामा, माझं पदकसुद्धा खोटं केलंत," म्हणाली आणि फोन ठेवला. तिचं काय चुकलं?

अध्यक्ष महोदय, हे माझं प्रतिज्ञापत्र, सहीनिशी. खटला पुन्हा उभा राहतो का, खोट्या साक्षीला शिक्षा काय, ते वकीलसाहेब बघतील. तोवर मानपत्र टेबलावरच राहू द्या.

बाई, तुम्हाला उशीर झाला नव्हता. मी खोटं बोललो.

आपण सगळे आलात, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. वागण्यात झालं, ते मात्र सांभाळून घेऊ नका.